परक्यांची साक्ष : बलाम, मेशा आणि बाबेलचा राजा

जुना करार वाचताना ज्या व्यक्ती आणि ज्या घटना वाचकाला थबकावयास लावतात, त्यांची यादी करू गेल्यास ती सहज लांबत जाते. मवाबाच्या स्थूल राजाच्या पोटात मुठीसकट तलवार खुपसणारा डावखुरा एहूद, स्वतःच्याच नवसात अडकून पोटच्या मुलीचा बळी देणारा इफ्ताह, मेलेल्या शमुवेलाला भूमीखालून वर बोलावणारी एन-दोरची बाई, ज्याच्या शापासरशी रानातून दोन अस्वली येऊन टवाळ पोरांना फाडतात तो टकला अलीशा! मुलांसाठी लिहिलेल्या बायबल-कथांच्या पुस्तकांनी यांतील काही निवडल्या, काही सोयिस्करपणे गाळल्या. मराठीत हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून उपलब्ध आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून केलेले भाषांतरही १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही आपल्याकडे तो एका समाजाचा धर्मग्रंथ म्हणून बाजूला ठेवला गेला, किंवा फार तर रेव्हरंड टिळकांची कविता समजून घेण्यापुरता उघडला गेला. एका प्राचीन प्रदेशाच्या इतिहासाचे साधन म्हणून त्याच्याकडे पाहण्याची सवय आपल्या वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला लागलेली नाही.

प्रस्तुत लेखात या यादीतील तिघांचाच विचार करावयाचा आहे. तिघेही परके आहेत; इस्राएल लोकांपैकी कोणी नाही. आणि तिघांविषयी बायबलच्या बाहेर, इस्राएलाशी संबंध नसलेल्या किंवा त्याच्याशी वैर असलेल्या हातांनी लिहिलेला काही मजकूर जमिनीतून वर आलेला आहे. अद्भुत कथेला अशी बाहेरची साक्ष मिळाली म्हणजे नेमके काय मिळते, हा खरा प्रश्न आहे.

पहिला आणि सर्वांत विलक्षण, बौराचा मुलगा बलाम. त्याची कथा ‘गणना’ या पुस्तकाच्या बाविसाव्या ते चोविसाव्या अध्यायांत येते. मिसर देशातून निघालेले इस्राएल लोक यार्देन नदीच्या पूर्वेस, यरीहोच्या समोर मवाबाच्या मैदानात तळ देऊन राहिले आहेत. मवाबाचा राजा बालाक या जमावाला भितो. त्याला ठाऊक आहे की, बलाम ज्याला आशीर्वाद देतो तो आशीर्वादित होतो व ज्याला शाप देतो तो शापित होतो. म्हणून तो वडील मंडळींच्या हाती शकुन सांगण्याची दक्षिणा देऊन त्याला बोलावणे पाठवतो. देव बलामाला जाऊ नको म्हणतो. बालाक आणखी मोठे सरदार पाठवतो. या वेळी देव म्हणतो, जा, पण मी सांगेन तेवढेच बोल. आणि बलाम निघाल्याबरोबर त्याच देवाचा कोप त्याच्यावर भडकतो. ही विसंगती दोन वेगळ्या परंपरा एकत्र गुंफल्यामुळे आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मलाही ते पटते.

पुढचा प्रसंग सर्वांना माहीत आहे. वाटेत देवाचा दूत उपसलेली तलवार घेऊन उभा आहे. ज्याची दृष्टी दिव्य म्हणून राजे त्याला धन पाठवतात, त्या द्रष्ट्याला तो दिसत नाही. त्याच्या गाढवीला मात्र दिसतो. ती प्रथम शेतात शिरते, मग द्राक्षमळ्याच्या अरुंद वाटेवर भिंतीला चिकटून धन्याचा पाय चेंगरते, शेवटी हलायलाही जागा उरत नाही तेव्हा त्याच्याखाली बसकण मारते. तिन्ही वेळा तिला मार बसतो. मग देव तिचे तोंड उघडतो आणि ती विचारते की, मी तुझे काय केले म्हणून तू मला तीनदा मारलेस? बलाम जराही चकित न होता तिच्याशी भांडू लागतो. हातात तलवार असती तर तुला मारूनच टाकले असते, असे तो म्हणतो. आणि त्या वेळी तलवार कोणाच्या हातात आहे हे वाचकाला माहीत असते. इतका रेखीव उपहास जुन्या करारात फार थोड्या ठिकाणी आढळतो.

मराठी वाचकाला येथे पैठणचा रेडा आठवल्यावाचून राहणार नाही. पण दोन कथांतील भेदच अधिक बोलका आहे. ज्ञानदेवांचा रेडा वेदमंत्र म्हणतो; तो विद्वानांची भाषा विद्वानांसमोर बोलतो आणि त्यांचा अहंकार उतरवतो. बलामाची गाढवी शास्त्रातले काहीच बोलत नाही. ती आपले गाऱ्हाणे मांडते : इतकी वर्षे तू माझ्यावर बसत आलास, मी कधी अशी वागले होते काय? आणि द्रष्ट्याला ‘नाही’ म्हणावे लागते. ज्यू धर्मपंडितांना ही बोलणारी गाढवी पुढे पुष्कळ छळत राहिली. सृष्टीच्या सहाव्या दिवशी, शब्बाथ सुरू होण्यापूर्वीच्या संधिप्रकाशात देवाने ज्या दहा गोष्टी निर्माण केल्या, त्यांत या गाढवीचे तोंडही होते, असे मिश्नेतील ‘आवोत’ या प्रकरणात सांगितले आहे. म्हणजे चमत्कार मानावयाचा, पण सृष्टीचा नियम मोडू द्यावयाचा नाही. बाराव्या शतकातील मायमोनिदीसने तर हा सारा प्रसंग दृष्टान्तात घडला, असे म्हणून टाकले.

यानंतर बालाक त्याला तीन उंचवट्यांवर नेतो. प्रत्येक ठिकाणी सात वेद्या, सात गोऱ्हे, सात मेंढे. प्रत्येक वेळी शापासाठी उघडलेल्या तोंडातून आशीर्वाद बाहेर पडतो, आणि राजा हातावर हात आपटून घेतो. या वचनांची भाषा हिब्रू काव्यातील अत्यंत जुन्या थरांत गणली जाते.

आता इतिहासाच्या दृष्टीने एक बारीकशी अडचण पाहा. ही सारी घटना मवाबाच्या टेकड्यांवर घडते. खाली मैदानात तंबू ठोकून बसलेल्या इस्राएल लोकांना तिचा पत्ताही नाही; त्यांच्यातील एकही साक्षीदार तेथे नाही. मग ती त्यांच्या ग्रंथात आली कशी? ही शंका आधुनिक नव्हे. मोशेने आपला ग्रंथ लिहिला ‘आणि बलामाचे प्रकरण’ लिहिले, अशी वेगळी नोंद बाबिलोनी तालमुदाच्या ‘बावा बत्रा’ या भागात आहे. ते प्रकरण मोशेच्या ग्रंथातच असताना निराळे सांगण्याचे कारण काय असावे? हे प्रकरण वेगळ्या जातकुळीचे आहे, असे त्या पंडितांनाही जाणवले असावे, असे मला वाटते.

या शंकेला अनपेक्षित दिशेने उत्तर मिळाले ते मार्च १९६७ मध्ये. जॉर्डन देशात, यार्देनच्या खोऱ्याच्या पूर्व भागात, बायबलमध्ये जिला यब्बोक म्हटले आहे त्या झर्का नदीच्या परिसरात देर अल्ला नावाचे टेकाड आहे. लायडन विद्यापीठाचे हेंक फ्रांकेन १९६० पासून तेथे उत्खनन करीत होते. भूकंपात कोसळलेल्या एका वास्तूच्या ढिगाऱ्यात त्यांच्या पथकाला भिंतीच्या गिलाव्याचे शंभराहून अधिक तुकडे सापडले. त्यांवर काळ्या शाईने मजकूर लिहिलेला होता. काही भाग लाल शाईने. तीनच महिन्यांनी जून १९६७ चे युद्ध झाले आणि यार्देनचे खोरे सीमाप्रदेश बनले. तुकडे जुळवून वाचण्याचे काम याकोब होफ्टाइझर व खेरित फान देर कोई यांनी केले, आणि १९७६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. लेखाचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. ८०० च्या आसपासचा. त्याची भाषा अरामी म्हणावी की कनानी कुळातील एखादी स्थानिक बोली, यावर अजूनही एकमत नाही.

या लेखाच्या पहिल्या ओळींतच बौराचा मुलगा बलाम याचे नाव येते, आणि तो देवांचा द्रष्टा होता असे सांगितले जाते. रात्री देव त्याच्याकडे येतात. दुसऱ्या दिवशी तो उठतो, उपास करतो, रडतो. लोक जमून कारण विचारतात. तेव्हा तो देवसभेत झालेला निर्णय त्यांना सांगतो : आकाश ढगांनी बंद व्हावे, प्रकाश जाऊन काळोख यावा. पुढे पक्ष्यांची आणि श्वापदांची एक यादी येते. तीत लहान पक्षी मोठ्यांची निर्भर्त्सना करतात, सृष्टीचा क्रम उलटा होतो. लेखाचा दुसरा भाग इतका छिन्न आहे की, त्याच्या अर्थाविषयी तज्ज्ञांचे फार मतभेद आहेत.

या मजकुरात इस्राएलाचे नाव नाही. मोशे नाही, बालाक नाही, गाढवी नाही. एक देव नसून देवांचे मंडळ आहे, आणि त्या मंडळातील देवांना ‘शद्दायीन’ म्हटले आहे. गणनेतील बलामाच्या वचनांत देवाला ‘शद्दाय’ म्हणजे सर्वसमर्थ हे नाव दोनदा येते, ते येथे आठवते. ज्याला इस्राएलाने आपल्या ग्रंथात पाहुण्यासारखे आणले, तो यार्देनपलीकडच्या लोकांचा स्वतःचा, मान्यवर द्रष्टा होता. त्याच्या नावावर ‘पुस्तक’ होते आणि ते भिंतीवर लिहिण्याच्या योग्यतेचे समजले जात होते.

यावरून काहींनी लगेच जाहीर केले की, उत्खननाने बायबल सिद्ध झाले. तसे काही झालेले नाही. मोशेचा काळ परंपरेने मानतात तो आणि या गिलाव्याचा काळ यांत निदान चार शतकांचे अंतर आहे. गाढवी बोलली की नाही, हे गिलावा सांगत नाही. तो इतकेच सांगतो की, इ. स. पू. नवव्या-आठव्या शतकाच्या सुमारास त्या खोऱ्यात बलामाच्या कथा प्रचलित होत्या आणि त्या सांगणारे लोक इस्राएली असण्याचे कारण नव्हते. उलट बाजूने, ‘हे सारे मागाहून रचलेले’ म्हणून हात झटकणाऱ्यांचीही त्याने पंचाईत केली. लेखकाने बलामाला कल्पनेतून निर्माण केले नव्हते. त्याने शेजाऱ्यांचा माणूस उचलून आपल्या कथेत बसवला होता.

एक लहानशी पाठचर्चा येथे उपयोगी पडते. रूढ हिब्रू पाठात बलामाचा देश ‘त्याच्या लोकांच्या वंशजांचा देश’ असा काहीसा निरर्थक सांगितला आहे, आणि गाव महानदाकाठचे पथोर, म्हणजे फरात नदीवरचे, असे धरले जाते. परंतु शोमरोनी, सिरियाक आणि लॅटिन पाठांत एका अक्षराच्या फरकाने ‘अम्मोन वंशजांचा देश’ असे वाचन मिळते. अम्मोन देर अल्लाच्या शेजारचाच. फरातकाठाहून मवाबापर्यंत शेकडो मैलांचा प्रवास गाढवीवर बसून, दोन चाकर बरोबर घेऊन, द्राक्षमळ्यांच्या वाटेने करणे अवघडच. अम्मोनाहून मात्र तो दोन-तीन दिवसांचा सहज प्रवास आहे. गाढवीच्या कथेला तरी जवळचा बलाम अभिप्रेत असावा, असे मला वाटते.

या माणसाचे पुढे काय झाले, हे अधिक खेदजनक आहे. चोविसाव्या अध्यायाच्या अखेरीस तो शांतपणे आपल्या ठिकाणी परत जातो. पण एकतिसाव्या अध्यायात मिद्यानाच्या पाच राजांबरोबर बौराचा मुलगा बलाम यालाही इस्राएल लोक तलवारीने मारतात. आणि पौर येथे इस्राएल पुरुष परक्या स्त्रियांच्या व दैवतांच्या नादी लागले ते त्याच्याच सल्ल्याने, असा आरोप त्याच्यावर मागाहून ठेवला जातो. मीखा संदेष्टा त्याची आठवण फारसा कडवटपणा न दाखवता करतो. यहोशवाचे पुस्तक त्याला केवळ शकुन पाहणारा म्हणते. नव्या करारातील पेत्राचे दुसरे पत्र, यहूदाचे पत्र व प्रकटीकरण यांत तो लोभी आणि पथभ्रष्ट करणाऱ्यांचा म्होरक्या होऊन बसतो. परक्याने आपल्या बाजूचे सत्य बोलावे, हे एखाद्या समाजाला फार काळ सोसत नाही. मात्र संपादकांनी दोन्ही नोंदी ठेवल्या. नंतरच्या निंदेसाठी आधीचा आशीर्वाद पुसला नाही. आजही सभास्थानात प्रवेश करताना ज्यू माणूस जी प्रातःकाळची प्रार्थना म्हणतो, तिचा आरंभ बलामाने इस्राएलाच्या तंबूंविषयी काढलेल्या उद्गाराने होतो. कोकणातून मुंबईस आलेल्या बेने इस्राएल समाजाचे पहिले सभास्थान सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये उभारले. त्या समाजाच्या प्रार्थनेतही हे परक्या द्रष्ट्याचे शब्द आहेत.

याकोबातून एक तारा उदय पावेल, हे त्याचे आणखी एक वचन. रोमन सत्तेविरुद्ध इ. स. १३२ मध्ये उठाव करणाऱ्या शिमोनाला रब्बी अकीवाने याच वचनाच्या आधारे मसीहा ठरवले, आणि तो बार कोखबा म्हणजे ‘ताऱ्याचा पुत्र’ झाला. १३५ मध्ये उठाव रक्तात बुडाला. त्याचे खरे नाव बार कोसिबा होते, हे मृत समुद्राजवळच्या गुहांत १९५० नंतर सापडलेल्या त्याच्याच पत्रांनी निश्चित केले. त्या पत्रांत ताऱ्याचा उल्लेख नाही. रसद, माणसे आणि हुकूम न पाळल्यास मिळणारी शिक्षा, एवढाच विषय आहे.

दुसरा परका मवाबाचाच राजा, मेशा. ‘दुसरे राजे’ या पुस्तकाचा तिसरा अध्याय सांगतो की, हा मेंढरांचा मोठा मालक इस्राएलाच्या राजाला एक लाख कोकरे आणि एक लाख मेंढ्यांची लोकर देत असे. अहाब मरताच त्याने बंड केले. इस्राएल, यहूदा आणि अदोम यांचे तीन राजे त्याच्यावर चालून गेले. रानात सात दिवस पाणी मिळाले नाही. अलीशाने वादक बोलावून भविष्य सांगितले, आणि सकाळी ओढे वाहू लागले. उगवत्या सूर्याच्या प्रकाशात ते पाणी मवाब्यांना रक्तासारखे लाल दिसले. शत्रू आपसांत लढून मेले असे समजून ते लुटीला धावले आणि कापले गेले. शेवटी कीर-हरेसेथच्या तटात कोंडलेल्या मेशाने सातशे तलवारबहाद्दरांनिशी बाहेर पडण्याचा यत्न केला, तोही फसला. मग त्याने आपल्या गादीच्या वारसाला, थोरल्या मुलाला, तटावर नेऊन त्याचे होमार्पण केले. यानंतरचे वाक्य जुन्या करारातील अत्यंत अस्वस्थ करणाऱ्या वाक्यांपैकी आहे : इस्राएलावर मोठा कोप झाला, आणि ते वेढा उठवून आपल्या देशी परतले.

कोप कोणाचा? मूळ हिब्रू शब्द बहुधा दैवी कोपासाठी येतो. मवाबाच्या देवाने नरबळी स्वीकारला आणि इस्राएलाला पळवून लावले, असा याचा सरळ अर्थ होतो. आणि तो या ग्रंथात असावयास नको होता. ग्रीक भाषांतरकारांनी येथे ‘कोप’ या जागी ‘पश्चात्ताप’ या अर्थाचा शब्द घालून वाट काढली. हिब्रू पाठ मात्र तसाच राहिला, हे त्याच्या लेखनिकांच्या सचोटीला धरून आहे.

आणि मेशाची बाजू? तीही उपलब्ध आहे. १८६८ मध्ये धिबान येथे एफ. ए. क्लाइन या मिशनऱ्याला काळ्या बेसॉल्टची, मीटरभराहून अधिक उंचीची एक शिला दाखवण्यात आली. युरोपीय सत्तांची तिच्यासाठी चढाओढ लागली, तुर्की अंमलदारांचा दबाव वाढला, तेव्हा स्थानिक बदाऊनांनी तिला आगीत तापवून वर थंड पाणी ओतले आणि तिचे तुकडे केले. सुदैवाने जेरुसलेमच्या फ्रेंच वकिलातीतील शार्ल क्लेर्मां-गानो याने तत्पूर्वी माणसे पाठवून तिचा कागदी ठसा घेतला होता. भांडण पेटताच त्या माणसांनी ओला कागद फाडून, तुकड्यांनी का होईना, वाचवून आणला. हा ठसा आणि नंतर गोळा केलेले तुकडे यांवरून जोडलेली शिला आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यावर चौतीस ओळी आहेत.

मेशा म्हणतो की, अम्री राजाने मवाबाला पुष्कळ दिवस गांजले, कारण कमोश आपल्या भूमीवर रागावला होता. पुढे कमोशाची कृपा झाली. मेशाने नबो नगर घेतले, तेथील सात हजार जिवांचा संहार करून ते दैवताला अर्पिले, आणि याहवेची पात्रे ओढत आणून कमोशापुढे ठेवली. इस्राएल कायमचे नष्ट झाले, अशी फुशारकीही त्यात आहे. ‘शास्ते’ हे पुस्तक वाचलेल्याला हा विचार पूर्ण ओळखीचा वाटेल : पराभव म्हणजे आपल्याच देवाचा राग, विजय म्हणजे त्याची कृपा, आणि जिंकलेले नगर म्हणजे त्याला वाहिलेले ‘हेरेम’. शब्दसुद्धा तोच. दोन शेजारी एकाच व्याकरणात एकमेकांविरुद्ध बोलत होते. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने शिलालेख आणि अध्याय शेजारी ठेवून वाचावेत, एवढेच नव्हे तर त्यांतील मौनेही जुळवून पाहावीत. शिलेवर मुलाच्या बळीचा उल्लेख नाही. अध्यायात नबोच्या संहाराचा नाही.

तिसऱ्या व्यक्तीविषयी थोडक्यात. दानीएलाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय सांगतो की, गर्विष्ठ नबुखद्नेस्सर माणसांतून हाकलला जाऊन बैलासारखे गवत खाऊ लागला, दहिवराने भिजला, त्याचे केस गरुडाच्या पिसांएवढे आणि नखे पक्ष्यांच्या नखांएवढी वाढली. सात काळ लोटल्यावर त्याला शुद्ध आली. बाबिलोनी लेखांत नबुखद्नेस्सरविषयी असे काही मिळत नाही. मिळते ते त्याच्या नंतरच्या नबोनिदस या राजाविषयी, ज्याची कारकीर्द इ. स. पू. ५५६ ते ५३९ अशी होती. हा राजधानी सोडून दहा वर्षे अरबस्तानातील तैमा या ओॲसिसमध्ये जाऊन राहिला, आणि कारभार मुलाकडे सोपवला. हा मुलगा म्हणजेच दानीएलाच्या पाचव्या अध्यायातील बेलशस्सर. त्याचे नाव बायबलबाहेर नीट ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांनी त्याला काल्पनिक ठरवले होते. १८५४ मध्ये ऊर येथे सापडलेल्या मातीच्या चित्यांवर हेन्री रॉलिन्सन याने ते वाचले. हा रॉलिन्सन १८२७ मध्ये कंपनीच्या मुंबई लष्करातला कोवळा अधिकारी म्हणून आपल्याकडे आलेला होता. अर्थात येथेही सिद्धी अर्धीच : बेलशस्सर खरा, पण दानीएल म्हणतो तसा नबुखद्नेस्सरचा मुलगा नव्हे.

कुमरानच्या चौथ्या गुहेत १९५२ मध्ये सापडलेल्या चर्मपत्रांत अरामी भाषेतील एक फाटका तुकडा आहे. त्यात राजा स्वतः सांगतो की, तैमा येथे सात वर्षे मी दुष्ट व्रणांनी पीडलो होतो, सोन्यारुप्याच्या देवांची प्रार्थना करीत होतो, आणि एका यहूदी दैवज्ञाने मला खऱ्या देवाचा मार्ग दाखवला. राजाचे नाव नबोनिदस असे आहे. दानीएलातील कथेचा हा आधीचा टप्पा असावा, या मताकडे बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. तैम्याचा अप्रिय राजा विस्मृतीत गेला आणि त्याचे दुखणे जेरुसलेम जाळणाऱ्या सुप्रसिद्ध राजाच्या अंगाला चिकटले. लोककथा अशीच वागते. लहान नावाची गोष्ट मोठ्या नावाकडे ओढली जाते. अकबर-बिरबलाच्या किती कथा मूळच्या अकबराच्या होत्या?

नबोनिदसचा स्वतःचा लेख हारान येथे १९५६ मध्ये मिळाला. त्यात दहा वर्षांच्या वास्तव्याचा आणि तैमा, ददानू, पदक्कू अशा वाळवंटी गावांचा उल्लेख आहे, दुखण्याचा नाही. लोकांनी चंद्रदेवाचा अपराध केला म्हणून आपण दूर गेलो, असे तो म्हणतो. जुलै २०२१ मध्ये सौदी अरेबियाने हाइल प्रांतातील अल-हाइत येथे त्याच्या नावाची आणखी एक शिला सापडल्याचे जाहीर केले. हे अल-हाइत म्हणजेच जुने पदक्कू, असे मानतात. बेसॉल्टच्या खडकावर कीलाक्षरांच्या सव्वीस ओळी आहेत आणि वर हातात राजदंड घेतलेला राजा कोरलेला आहे. त्याच्यासमोर चंद्रकोर आहे, सर्प आहे, एक फूल आहे.